पुढचा ‘एलियन’ कोणाच्या हाती द्यावा?

सुरसागर

माणसाच्या शरीरात वाढणाऱ्या परग्रहावरच्या जीवघेण्या प्राण्याची भयपट-मालिका म्हणजे ‘एलियन’. तिच्यातील ‘एलियन : रोम्युलस’च्या पुढच्या भागाचे दिग्दर्शन आपण करणार नाही, ते दुसऱ्या कोणाकडे सोपवू, असे त्याचे दिग्दर्शक फेडे आल्वारेझ यांनी २०२५ मध्ये सांगितले. तेव्हापासून बडोद्यातील आपल्या मंडळींमध्ये या विषयावर तुटक बोलणे बरेच झाले, परंतु कोणी आपली बाजू नीट मांडलेली नाही. मी माझी मांडतो. हा चित्रपट ‘द सब्स्टन्स’च्या दिग्दर्शिका कोराली फार्जा यांना मिळावा, असे माझे ठाम मत आहे.

या मालिकेचा इतिहास पाहिला, तर तिचे पहिले चारही भाग कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या माणसांकडे सोपवलेले दिसतात. १९७९ मध्ये रिडली स्कॉट यांच्या नावावर ‘द ड्युएलिस्ट्स’ हा एकच चित्रपट होता. बाकी सारी कमाई जाहिरातपटांची होती. १९८६ चा दुसरा भाग जेम्स कॅमेरॉन यांना मिळाला तो ‘टर्मिनेटर’च्या बळावर. १९९२ चा तिसरा भाग हा डेव्हिड फिंचर यांचा पहिलाच चित्रपट. १९९७ मध्ये जाँ-पिएर जने फ्रान्समधून आले, तेव्हा अमेरिकेत त्यांना ओळखणारे थोडेच होते. या चौघांनीही आधीच्या भागाची नक्कल केली नाही. स्कॉट यांनी बंद जहाजातला भयपट केला, कॅमेरॉन यांनी युद्धपट केला, फिंचर यांनी कैद्यांच्या वसाहतीतली एक दीर्घ शोकसभा उभी केली आणि जने यांनी विद्रूपतेतून येणारे विचित्र हास्य शोधले. चारही प्रयत्न सारखे यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. तरीही यातला कोणताही प्रसंग पाच मिनिटे पाहिला, तर तो कोणाचा आहे हे ओळखता येते.

पुढे स्कॉट स्वतः २०१२ मध्ये ‘प्रोमिथियस’ आणि २०१७ मध्ये ‘एलियन : कव्हेनंट’ घेऊन परतले. माणसाला कोणी घडवले हा प्रश्न त्यांत मोठा होत गेला आणि भीती लहान होत गेली. २०२४ मध्ये आल्वारेझ यांनी ती भीती परत आणली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. परंतु ‘रोम्युलस’चा उत्तरार्ध आधीच्या भागांच्या आठवणींवर फार विसंबतो. मालिकेची नायिका रिप्ले हिने १९८६ मध्ये त्या प्राण्यांच्या राणीसमोर उच्चारलेले प्रसिद्ध वाक्य अँडी या कृत्रिम मानवाच्या तोंडी पुन्हा येते, तेव्हा चित्रगृहात टाळ्या पडतात हे खरे. पण त्या टाळ्या जुन्या चित्रपटाला असतात.

फार्जा यांचे दोनच दीर्घ चित्रपट आपल्यासमोर आहेत. ‘रिव्हेंज’ (२०१७) मध्ये वाळवंटातला पाठलाग आहे आणि त्यातला शेवटचा मोठा प्रसंग एका घराच्या गोल फिरणाऱ्या मार्गिकांमध्ये घडतो. शिकारी आणि शिकार एकमेकांच्या मागे फिरत राहतात आणि कोण कोणाच्या मागे आहे हेच प्रेक्षकाला कळेनासे होते. एका जहाजाच्या बोगद्यात हेच घडले तर काय होईल, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. ‘द सब्स्टन्स’ (२०२४) तब्बल १४१ मिनिटांचा असूनही त्यात संवाद अगदी मोजके आहेत. शरीर आपल्या मालकाशी दगा करते, त्यातून दुसरे शरीर बाहेर येते, आणि ते बाहेर आलेले शरीर पहिल्याला जगू देत नाही. ‘एलियन’ मालिकेचा गाभा याहून वेगळा काय आहे? शिवाय त्यातील बहुतेक रूपांतरे पिएर-ऑलिव्हिए पर्सँ यांच्या चमूने प्रत्यक्ष रंगभूषेने साधली आणि त्यासाठी चित्रपटाला ऑस्कर मिळाले. पटकथेसाठी कान महोत्सवाचा पुरस्कार आणि उत्कृष्ट दिग्दर्शनासाठी ऑस्करचे नामांकनही फार्जा यांच्या नावावर आहे.

आणखी एक गोष्ट. मालिकेचे मुख्य सात चित्रपट आणि ‘प्रिडेटर’ या परग्रहावरच्या शिकाऱ्यासोबतचे दोन, अशा नऊ चित्रपटांपैकी एकाचेही दिग्दर्शन स्त्रीने केलेले नाही. ज्या मालिकेचा कणा एलेन रिप्ले आहे आणि जिच्यासाठी सिगर्नी वीव्हर यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले, त्या मालिकेत ही उणीव मला खटकते.

कारेलीबाग

सुरसागर, तुमचे विवेचन मनापासून आवडले, पण निष्कर्ष गळी उतरला नाही. माझी पसंती डॅन ट्रॅक्टनबर्ग यांना आहे.

दमलेल्या मालिकेत प्राण कसा फुंकायचा, हे अलीकडच्या काळात त्यांच्याइतके कोणी दाखवलेले नाही. ‘प्रिडेटर’ मालिका जवळजवळ संपल्यात जमा होती. २०२२ मध्ये ‘प्रे’ आला आणि कथा थेट अठराव्या शतकातल्या कोमांची मुलीकडे गेली. शत्रू तोच, परंतु समोर बंदुकांचा ढीग नसून धनुष्य, कुऱ्हाड आणि जंगलाची जाण आहे, हे कळताच सगळा तणाव नव्याने उभा राहतो. त्यांचा पहिला चित्रपट ‘१० क्लोव्हरफील्ड लेन’ (२०१६) तर एका तळघरात तीन माणसांवर उभा आहे, आणि बाहेर खरोखर काही आहे की आतला माणूसच धोकादायक आहे हा संशय ते शेवटपर्यंत ताणतात. पहिल्या ‘एलियन’मधल्या नोस्ट्रोमो या जहाजावर शास्त्रज्ञ-अधिकारी अ‍ॅशविषयी जो संशय हळूहळू पसरतो, तो याच जातीचा आहे.

२०२५ च्या ‘प्रिडेटर : बॅडलँड्स’मध्ये ‘एलियन’ मालिकेतली वेलँड-युतानी कंपनी आणि तिचे कृत्रिम मानव आलेच आहेत. म्हणजे या विश्वाच्या उंबरठ्यावर ते आधीच उभे आहेत. त्यांना ओळख करून द्यावी लागणार नाही.

फार्जा यांच्याविषयी माझी शंका अशी, की त्या दाखवण्यात रमतात. ‘द सब्स्टन्स’च्या शेवटी रक्ताचे जे फवारे उडतात ते त्या चित्रपटाला शोभतात, परंतु १९७९ च्या चित्रपटातील प्राणी आपल्याला पूर्ण दिसतो तरी किती वेळ? शेपटीचे टोक, जबड्याची चमक, साखळ्यांमधून ओघळणारे पाणी, आणि बस्स.

रावपुरा

दोन्ही नावे चांगली आहेत. तरी मला हा वाद अर्ध्यातून सुरू झाल्यासारखा वाटतो. दिग्दर्शक कोण, या प्रश्नाआधी पटकथा पूर्ण झाली आहे का, हा प्रश्न आहे, आणि तो न विचारल्याने काय होते याचे उदाहरण याच मालिकेत आहे.

‘एलियन ३’साठी विल्यम गिब्सन यांनी पटकथा लिहिली होती, ती बाजूला पडली. पुढे व्हिन्सेंट वॉर्ड यांनी लाकडाने बनवलेल्या एका उपग्रहाची आणि त्यावर राहणाऱ्या संन्याशांची कल्पना मांडली. ती पाहिली तर आजही अंगावर काटा येतो, इतकी ती मूळची होती. वॉर्ड बाहेर पडले, मठाचा तुरुंग झाला, संन्याशांचे कैदी झाले, आणि प्रदर्शनाची घाई मात्र तशीच राहिली. फिंचर यांच्या हाती चित्रीकरण आले, तेव्हा पूर्ण पटकथा तयार नव्हती. सेटवर पाने बदलत होती, वरून सूचना येत होत्या, आणि जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा तो माणूस रोज प्रत्येक निर्णयासाठी भांडत होता. पुढे त्यांनी तो चित्रपट आपला मानायलाच नकार दिला. २००३ मध्ये त्याची अधिक लांबीची आवृत्ती आली, तिच्या कामातही ते सहभागी झाले नाहीत. तीनच वर्षांत याच माणसाने ‘सेव्हन’ केला. म्हणजे दिग्दर्शकाची निवड चुकली नव्हती.

म्हणून सुरसागर यांनी नवोदितांविषयी जे लिहिले, त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. स्कॉट यांना डॅन ओबॅनन आणि रोनाल्ड शुसेट यांची कथा मिळाली, तिच्यावर वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी बरेच हात फिरवले होते. कॅमेरॉन यांनी पटकथा स्वतः लिहिली आणि तिच्यातले प्रत्येक यंत्र कसे चालते हे त्यांना ठाऊक होते. तरुण दिग्दर्शकाच्या हाती पक्का आराखडा असला तर तो त्याच्या जोरावर स्टुडिओला उत्तर देऊ शकतो. आराखडाच नसला, तर त्याच्या मागे उभे राहणारे कोणी नसते.

फार्जा स्वतःच लिहितात, आणि दुसऱ्याची पटकथा त्यांनी दीर्घ चित्रपटासाठी अद्याप घेतलेली नाही. पुढच्या भागाच्या लेखनात आल्वारेझ यांचा हात असणार हे गृहीत धरले, तर ही गाठ कशी सुटेल? लेखनाचे अधिकारही त्यांच्याकडेच द्यायचे, असे तुमचे म्हणणे असेल तर ते तसे स्पष्ट लिहा.

न्यायमंदिर

स्त्री दिग्दर्शक असावी याला माझा विरोध नाही. मात्र त्यासाठी रिप्लेचा आधार घेताना एक तपशील ध्यानात ठेवायला हवा. ओबॅनन यांच्या मूळ पटकथेत सर्व पात्रे स्त्री किंवा पुरुष कोणीही साकारू शकेल, अशी नोंद होती. रिप्ले स्त्री असावी हे नंतर ठरले. आणि ज्याच्या छातीतून तो जीव बाहेर येतो, तो केन पुरुष आहे. बाळंतपणाची भीती पुरुषाच्या शरीरात घालून पुरुष प्रेक्षकांना अस्वस्थ करणे, हा ओबॅनन यांचा उघड हेतू होता. ही मालिका एका पुरुषाने पुरुषांना घाबरवण्यासाठी सुरू केली. तिला स्त्रीची नजर मिळाली तर काहीतरी नवे नक्की हाती लागेल; पण ते नवे असेल, मूळचे उघड केलेले नसेल.

कमाटीबाग

मी मूर्तिकलेची विद्यार्थिनी होते आणि आजही साचे काढणे, फायबरग्लास ओतणे, हेच माझे रोजचे काम आहे. त्यामुळे हा वाद वाचताना मला सतत वाटत राहिले, की चित्रकार एच. आर. गीगर यांचे नाव अजून कोणी का घेत नाही.

१९७९ च्या चित्रपटात सर्वांत मोठा निर्णय दिग्दर्शकाने घेतला तो हा, की माणसांचे जहाज एका कलावंताने घडवावे आणि परग्रहाचे सारे काही दुसऱ्याने. नोस्ट्रोमोचे अंतरंग मुख्यतः रॉन कॉब यांचे. तिथे नळ्या, कळा, जिने, सारे वापरून मळलेले आहे. पडके जहाज, अंडी आणि तो प्राणी मात्र गीगर यांचे. ओबॅनन यांनी गीगर यांचे चित्रांचे पुस्तक स्कॉट यांना दाखवले, त्यात ‘नेक्रोनोम ४’ हे चित्र होते, आणि स्कॉट यांनी आपला प्राणी तिथेच निश्चित केला. गीगर यांनी शेपर्टन स्टुडिओत बसून खरी हाडे, यंत्रांचे भाग आणि प्लॅस्टिसिन यांतून त्याला आकार दिला. दोन वेगळ्या हातांची ही दोन जगे एकाच चित्रचौकटीत येतात, आणि म्हणूनच परके ते खरोखर परके वाटते.

हे समजून घ्यायला आपल्या गावात एक उत्तम जागा आहे. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो सांगाडा आहे, त्याच्या डोक्याच्या बाजूला उभे राहून शेपटीकडे पाहा. फासळ्यांच्या कमानी एकामागून एक लहान होत जातात आणि थोड्या वेळाने हे एखाद्या प्राण्याचे शरीर आहे की इमारतीचा सज्जा, हे मन ठरवू शकत नाही. गीगर यांच्या पडक्या जहाजातून चालताना हाच गोंधळ होतो. विद्यार्थिदशेत आम्ही तिथे बसून रेखाटने करत असू, आणि हाड कुठे संपते व आधाराचा लोखंडी गज कुठे सुरू होतो, हे कागदावर आणणे सर्वांत अवघड जात असे. जिवंत आणि यांत्रिक यांची ती सीमारेषा पुसणे, हे गीगर यांचे आयुष्यभराचे काम होते.

तेव्हा माझा निकष साधा आहे. नव्या दिग्दर्शकाला हाताने चित्र काढता येते का? स्कॉट लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले होते. ‘एलियन’साठी त्यांनी स्वतः काढलेले स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमवार रेखाटने) पाहून स्टुडिओने अंदाजपत्रक जवळजवळ दुप्पट केले. त्यांना डोळ्यांपुढे मापे दिसत होती. पडक्या जहाजातला तो प्रचंड चालक मोठा भासावा, म्हणून त्यांनी छोट्या अंतराळ-पोशाखांत आपल्या मुलांना उभे केले. कॅमेरॉन यांनी राणीची आकृती स्वतः रेखाटली. पुढे स्टॅन विन्स्टन यांच्या कारागिरांनी ती उभारली आणि आत दोन माणसे बसून तिचे हात हलवत. हाताला सवय असलेल्या माणसाला कारागिराशी बोलताना मध्ये दुभाष्या लागत नाही.

‘रोम्युलस’ला मी या बाबतीत पूर्ण गुण देते. आल्वारेझ यांनी १९८६ च्या चमूतील जुन्या कारागिरांना परत बोलावले, लघुप्रतिकृती बनवल्या, प्राणी सेटवर प्रत्यक्ष उभे केले. त्यामुळे नटांची भीती खरी वाटते. पुढच्या दिग्दर्शकाने हे सोडले, तर तो कोणीही असो, माझा त्याला पाठिंबा नाही.

मांडवी

कमाटीबाग ताईंनी दृश्याचे सांगितले. मी आवाजाचे सांगतो, कारण गायनशाळेत शिकवण्यात माझे आयुष्य गेले.

पहिल्या चित्रपटाच्या सुरुवातीला कॅमेरा रिकाम्या जहाजातून फिरतो. कोणी बोलत नाही. यंत्रांची घरघर, कागद फडफडणे, आणि मग अचानक एका संगणकाचे जागे होणे. जेरी गोल्डस्मिथ यांचे संगीत तिथे इतक्या हलक्या पावलांनी येते, की ते केव्हा सुरू झाले ते सांगता येऊ नये. त्यांच्या संगीताची स्कॉट आणि संकलक टेरी रॉलिंग्ज यांनी बरीच मोडतोड केली; त्यांच्याच १९६२ च्या ‘फ्रॉइड’ चित्रपटातले तुकडे वापरले आणि शेवटी हॉवर्ड हॅन्सन यांच्या सिंफनीचा भाग जोडला. गोल्डस्मिथ नाराज झाले, आणि संगीतकार म्हणून मला त्यांची नाराजी समजते. तरी मी वारंवार ऐकल्यावर या मतावर आलो आहे, की त्या चित्रपटातला शांततेचा वापर हा दिग्दर्शकाच्या कानाचा पुरावा आहे.

‘द सब्स्टन्स’मध्ये मात्र आवाज अंगावर येतात. कोळंबी चावण्याचा आवाज, सुईचा आवाज, ढोलासारखे आदळणारे संगीत. ते सारे जाणीवपूर्वक केलेले आहे आणि अतिशय कौशल्याने केलेले आहे. प्रश्न इतकाच आहे, की ज्यांना सतत भरलेला ध्वनी आवडतो, त्यांना रिकामा ध्वनी सांभाळता येईल का? या कसोटीवर मला ट्रॅक्टनबर्गही पुरेसे वाटत नाहीत. ‘प्रे’मधले जंगल ऐकायला सुंदर आहे, परंतु प्रत्येक धोक्याच्या आधी संगीत सूचना देते.

सुरसागर

सर्वांचे मुद्दे पुन्हा पुन्हा वाचले. क्रमाने उत्तर देतो, मात्र सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण रावपुरा यांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे.

होय, माझे म्हणणे लेखनाचे अधिकारही फार्जा यांना द्यावेत असेच आहे. ‘द सब्स्टन्स’ मूळच्या वितरकाने सोडल्यावर ‘मुबी’ या कंपनीने तो लोकांपर्यंत आणला. चित्रपट प्रेक्षकांसमोर आला तो फार्जा यांना हवा होता तसाच. आपला चित्रपट हातातून निसटू न देण्याची ही चिकाटी १९९१ मध्ये पाइनवुडच्या सेटवर असलेल्या फिंचर यांच्याकडेही होती. त्यांच्याकडे नव्हता तो करारातला अधिकार. म्हणून आधी पटकथा पूर्ण व्हावी, ती त्यांनी लिहावी किंवा आल्वारेझ यांच्या मसुद्यावरून नव्याने लिहावी, आणि अंतिम संकलनाचा अधिकार लेखी मिळावा. मोठ्या स्टुडिओने ही अट मान्य करणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे. परंतु ‘रोम्युलस’वर सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरातून सुमारे ३५ कोटी डॉलर आले. इतक्या माफक खर्चात काम करणाऱ्या मालिकेला मोठ्या खर्चाच्या मालिकांपेक्षा अधिक धाडस परवडते.

न्यायमंदिर, तुमचा तपशील अचूक आहे आणि मला तो माझ्या बाजूचाच वाटतो. ओबॅनन यांनी जे भय पुरुषाच्या शरीरात घातले, त्याची पुढची पायरी कोणी लिहिलीच नाही. ‘रोम्युलस’मधल्या के या तरुणीच्या गर्भारपणात ती शक्यता होती, पण तो भाग शेवटी पाठलागातच संपला. ज्या जीवाला आपण जन्म दिला त्याच्याविषयी तिला काय वाटते, हा प्रश्न चित्रपटाने विचारला आणि दोन मिनिटांत सोडून दिला. फार्जा यांनी तो सोडला नसता, असे मला त्यांचे काम पाहून वाटते.

मांडवी काका, ‘रिव्हेंज’ एकदा कानांसाठी पाहावा अशी विनंती आहे. त्यात वाळवंटातल्या मुंगीवर पडणाऱ्या रक्ताच्या थेंबाचा आवाज आहे. बाकी सगळे गप्प असते म्हणूनच तो ऐकू येतो.

सयाजीगंज

मी वयाने लहान आहे, तेव्हा मोठ्यांच्या चर्चेत एक वेगळे नाव सुचवतो. ‘तुंबाड’चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे.

मराठी माणूस म्हणून हे नाव घेत नाही. कमाटीबाग मावशींनी जे निकष सांगितले ते वाचल्यावर मला सर्वांत आधी ‘तुंबाड’च आठवला. शेकडो पानांचा स्टोरीबोर्ड त्यांनी स्वतः काढला होता. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, बराच भाग नंतर पुन्हा चित्रित झाला आणि चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. पाऊस खरा हवा म्हणून ते पावसाळ्यांची वाट पाहत राहिले. जो दिग्दर्शक पावसासाठी थांबतो, तो प्राण्याच्या त्वचेवरच्या ओलाव्याकडे दुर्लक्ष करणार नाही.

आणि ‘तुंबाड’मधल्या हस्तर या लोभी देवाच्या त्या गर्भगृहाचा विचार करा. भिंती मांसाच्या आहेत, लाल आहेत, जणू श्वास घेणाऱ्या आहेत. माणूस दोरीने खाली उतरतो, भोवती पिठाचे रिंगण घालतो, आणि आमिष म्हणून पिठाची बाहुली ठेवतो. बाप मुलाला हे काम शिकवतो, तेव्हा आपण काय शिकवत आहोत हे त्याला ठाऊक असते. ‘एलियन’मध्ये कंपनीला तो प्राणी हवा असतो आणि खलाशांच्या जिवाची किंमत शून्य असते. ‘तुंबाड’मध्ये कंपनीच्या जागी कुटुंब आहे. लोभ पिढीजात आहे. हा विचार या मालिकेत आला, तर वेलँड-युतानीची गोष्ट पहिल्यांदा आतून सांगितली जाईल: पगारासाठी त्या कंपनीत काम करणाऱ्या, आपल्या मुलालाही तिथेच चिकटवणाऱ्या माणसाची.

व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात ‘तुंबाड’ने झाली होती, आणि तो मान मिळालेला तो पहिला भारतीय चित्रपट होता. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. तेव्हा जगाला हे नाव सांगताना आपण संकोच करू नये.

कारेलीबाग

सयाजीगंज, तुमच्या सूचनेने मला खरोखर विचारात पाडले. परंतु एका चित्रपटासाठी सहा वर्षे घेणारा दिग्दर्शक आणि तारखा आधी जाहीर करणारा स्टुडिओ, यांचे जमणे कठीण आहे. रावपुरा यांनी ‘एलियन ३’ची जी हकीकत सांगितली, तीच बर्वे यांच्या वाट्याला आलेली मला पाहवणार नाही.

ट्रॅक्टनबर्ग यांच्याविषयी मात्र माझा आग्रह थोडा मवाळ झाला आहे, आणि तो मांडवी काकांमुळे नव्हे. ‘बॅडलँड्स’मध्ये शिकारीच नायक झाला. प्रिडेटरला ते मानवले, कारण त्याच्याकडे नियम आहेत, मान-अपमान आहेत. झेनोमॉर्फकडे, म्हणजे ‘एलियन’मधल्या प्राण्याकडे, यातले काहीच नाही, आणि त्याच्याशी कोणालाही सहानुभूती वाटता कामा नये. अ‍ॅश त्याचे कौतुक करतो ते याच कारणाने. ट्रॅक्टनबर्ग यांचा स्वभाव शत्रूला समजून घेण्याचा आहे. इथे तो स्वभाव आड येईल.

कमाटीबाग

बर्वे यांच्या नावाला माझा पाठिंबा आहे. वेळेचा आक्षेप खरा आहे, पण ‘तुंबाड’ला वर्षे लागली त्यात पैशांच्या अडचणींचा वाटा मोठा होता. साहित्य आणि माणसे हाताशी असली, तर स्टोरीबोर्ड तयार असलेला दिग्दर्शक बहुधा इतरांपेक्षा लवकर काम संपवतो. माझ्या कार्यशाळेतला अनुभवही हाच आहे: रेखाटन पूर्ण असले की साचा एकदाच काढावा लागतो.

फार्जा यांच्या बाबतीतही रंगभूषेच्या चमूला दिलेला वेळ हा माझ्यासाठी निर्णायक पुरावा आहे. तेव्हा माझी दोन मते: पहिले फार्जा, दुसरे बर्वे.

रावपुरा

सुरसागर यांनी अटींसह नाव मांडले, त्यामुळे आता मला त्याला विरोध करण्याचे कारण उरलेले नाही. मात्र एक अट माझ्याकडून जोडावी. ‘रोम्युलस’मध्ये पहिल्या भागात कृत्रिम मानवाची भूमिका केलेल्या इयन होम यांचा चेहरा त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी पडद्यावर आणला. कुटुंबाची संमती होती हे मान्य. घरी पाहण्याच्या आवृत्तीत ते दृश्य सुधारले हेही मान्य. तरीही त्या पात्राला तोच चेहरा असण्याची कथेला गरज नव्हती. कृत्रिम मानवाचे नवे रूप नव्या नटाने घडवले असते, तर डेव्हिड जॉन्सन यांनी त्याच चित्रपटात अँडी जसा घडवला तसे काहीतरी आपल्याला मिळाले असते. पुढच्या दिग्दर्शकाने जुन्या चेहऱ्यांना हात लावू नये.

सुरसागर

रावपुरा, ही अट पूर्ण मान्य. अँडीचे काम हा त्या चित्रपटाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि एका चकतीने त्याची निष्ठा बदलते त्या क्षणी जॉन्सन केवळ मान आणि खांदे यांतून दुसरा माणूस उभा करतात. पुढच्या भागात ‘रोम्युलस’ची नायिका रेन आणि तिने भाऊ मानलेला अँडी असतील, तर फार्जा यांच्यासाठी तिथेच धागा आहे: एकच शरीर, दोन मालक. रेनला भाऊ हवा आहे आणि कंपनीला यंत्र. या दोघांपैकी अँडी कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यांदा त्याच्याकडे यावा, आणि तो त्याने बंद जहाजात, त्या प्राण्याच्या सान्निध्यात बजवावा, अशी पटकथा मला पाहायची आहे.

सयाजीगंज, बर्वे यांच्यासाठी याच विश्वातली वेगळी कथा मागू या. नोआ हॉली यांच्या ‘एलियन : अर्थ’ने २०२५ मध्ये हे विश्व दूरचित्रवाणीवर आणून पृथ्वीवर जागा मोकळी केलीच आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या बाप-मुलाच्या गोष्टीला आठ भागांचा अवकाश दोन तासांपेक्षा अधिक मानवेल.